घरमालकाचें देणें

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी एक जुनी म्हण आहे. ती ज्याच्या तोंडून प्रथम निघाली असेल, त्याला पदरच्या पैशानें घर उभारण्याचा अनुभव असावा. परंतु शहरांत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांच्या नशिबीं तो योग येत नाहीं. त्यांना दुसऱ्यानें बांधलेल्या घरांत बिऱ्हाड करावें लागतें, महिन्याच्या महिन्यास भाडें भरावें लागतें, आणि पावसाळ्यांत छपरांतून गळणारें पाणी घमेलें मांडून झेलावें लागतें. घमेलें भरलें कीं तें मोरींत रितें करावयाचें, पुन्हां मांडावयाचें, आणि घरमालकाची गांठ पडली म्हणजे, "यंदा तेवढें छपराचें बघा," असें अजीजीनें विनवावयाचें, हा क्रम कित्येक घरांत वर्षानुवर्षें चालत आलेला असतो.

या विनवणींतच एक मोठी चूक दडलेली आहे. गळतें छप्पर दुरुस्त करणें ही घरमालकाची मेहेरबानी होय, असें भाडेकरू समजतो. आणि बहुधा घरमालकही तसेंच समजतो. वस्तुतः भाडें हें दान नव्हे, आणि त्याबद्दल मिळणारा आसरा हेंही दान नव्हे. भाडें हें राहण्याजोग्या जागेचें मोल आहे. तें घेणारा कांहीं देणें लागतो. आणि तें देणें कोणतें, हें कायद्यानें स्पष्ट शब्दांत लिहून ठेविलें आहे. घरमालक व भाडेकरू या दोघांनाही तें ठाऊक असणें इष्ट. कारण ठाऊक नसलेला हक्क वापरतां येत नाहीं, आणि ठाऊक नसलेलें कर्तव्य माणसाला एखाद्या दिवशीं न्यायालयाच्या पायरीवर नेऊन उभें करतें.

प्रथम सर्व देशाचा सामान्य कायदा पाहावा. मालमत्तेच्या हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा आहे. त्याप्रमाणें जागा भाड्यानें देणाऱ्यावर मुख्यतः तीन जबाबदाऱ्या येतात. ठरलेल्या वापराच्या दृष्टीनें जागेंत कांहीं मोठा दोष असेल, आणि तो मालकास ठाऊक असून भाडेकरूस सहज दिसण्यासारखा नसेल, तर मालकानें तो आधीं सांगितला पाहिजे. भाडेकरूनें मागतांच जागेचा ताबा दिला पाहिजे. आणि भाडेकरू भाडें देत व करार पाळीत असेपर्यंत त्याला जागेचा उपभोग निर्वेधपणें घेऊं दिला पाहिजे. डागडुजीविषयीं मात्र हा कायदा फारसें बोलत नाहीं. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती त्यानें न केल्यास भाडेकरूनें करून घ्यावी व खर्च भाड्यांतून वळता करावा, एवढें तो सांगतो. पण मालक मुळांत कोणत्या दुरुस्तीस बांधलेला आहे, हा प्रश्न तो उभयतांच्या करारावर सोडून देतो. करारांत तसा शब्द नसेल, तर भाडेकरूच्या हातीं विशेष कांहीं उरत नाहीं.

ही उणीव भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भरून काढली. पहिल्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंत जागांची टंचाई होऊन भाडीं चढलीं, तेव्हां १९१८ सालीं भाड्यांना आळा घालणारा कायदा करावा लागला. दुसरें महायुद्ध सुरू झालें त्या १९३९ सालीं पुन्हां तसाच कायदा झाला. पुढें १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो अमलांत आला. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें असेल तेंच साधारणपणें प्रमाण भाडें, असें त्यानें ठरविलें. हा कायदा थोड्या मुदतीचा म्हणून जन्मास आला. परंतु मुदतीमागून मुदत मिळत तो अर्ध्या शतकाहून अधिक काळ जगला. त्याची जागा 'महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९' या कायद्यानें घेतली. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. महाराष्ट्रांत घरमालकाचें देणें आज मोजावयाचें, तें मुख्यतः याच मापानें.

हें माप सर्वांना लागत नाहीं, हेंही आधींच सांगितलेलें बरें. सरकारच्या व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मालकीच्या जागा त्यांतून वगळलेल्या आहेत. बँका, सरकारी महामंडळें, परदेशी वकिलाती, आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेलें भांडवल असलेल्या कंपन्या हे भाडेकरू असतील, तर त्यांनाही या कायद्याचें छत्र मिळत नाहीं. छत्र आहे तें सामान्य बिऱ्हाडकरूला व लहान दुकानदाराला.

आतां एकेक देणें क्रमानें पाहूं जातां पहिलें येतें तें कागदाचें. जागा भाड्यानें द्यावयाची असो वा ठराविक मुदतीच्या परवान्यानें द्यावयाची असो, करार लेखी झाला पाहिजे व त्याची सरकारीं नोंदणी झाली पाहिजे. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्यानें घरमालकावर टाकली आहे, भाडेकरूवर नव्हे. ती टाळणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. परंतु याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. नोंदलेला लेखी करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याविषयीं भाडेकरू जें म्हणेल तें खरें धरलें जातें, आणि तें खोटें आहे हें सिद्ध करण्याचा भार मालकावर पडतो. नोंदणीचा थोडका खर्च वांचविणारा मालक अशा रीतीनें आपल्याच हातानें आपला पुरावा गमावून बसतो.

दुसरें देणें पावतीचें. मालकानें जागेपोटीं कोणतीही रक्कम घेतली, कीं त्याच वेळीं तिची लेखी पावती दिली पाहिजे. न दिल्यास गुन्हा शाबीत झाल्यावर कसुरीच्या प्रत्येक दिवसास शंभर रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. "आपल्यांत पावती कसली? विश्वास नाहीं कां?" असें म्हणणारा घरमालक पुष्कळदां मनानें चांगला असतो. पण माणूस चिरंजीव नाहीं, आणि घर त्याच्या मुलांकडे किंवा तें विकत घेणाऱ्या परक्याकडे जातें. त्या दिवशीं तीस वर्षांचा विश्वास कामीं येत नाहीं. तीस वर्षांच्या पावत्या कामीं येतात. भाडेकरू मरण पावला, तर त्या वेळीं त्याच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबीयाकडे राहत्या जागेचा भाडेहक्क जातो. अशा विधवेला किंवा मुलाला आपला हक्क दाखवितांना हींच पिवळीं पडलेलीं चिटोरीं पुढें करावीं लागतात.

तिसरें देणें डागडुजीचें, आणि सर्वांत अधिक भांडणें याच देण्यावरून होतात. कायद्याचें चौदावें कलम सांगतें कीं, याच्या उलट करार नसेल तर, जागा चांगल्या व राहण्यास योग्य अशा स्थितींत राखण्यास प्रत्येक घरमालक बांधलेला आहे. तो हयगय करील, तर भाडेकरूनें त्याला निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. ही नोटीस एकट्यानें देतां येते, किंवा त्या दुरुस्तीशीं संबंध असलेल्या सर्व भाडेकरूंना मिळूनही देतां येते. नोटिशीनंतर वाजवी काळांत दुरुस्ती झाली नाहीं, तर भाडेकरूंनीं ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यांतून कापावा अगर मालकाकडून अन्य रीतीनें वसूल करावा. खर्चाचा हिशेब व त्याच्या पावत्या भाडेकरूनें नीट ठेविल्या असतील, तर तो हिशेब मालकावर बंधनकारक मानला जातो. गवंड्याला हातावर पैसे टेकवून मोकळें होणारा भाडेकरू हा लाभ घालवून बसतो. तेव्हां सिमेंट, वाळू व मजुरी या सर्वांची लेखी पावती घ्यावी.

मात्र या हक्कास एक मर्यादा आहे. कोणत्याही एका वर्षांत कापावयाची किंवा वसूल करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असतां कामा नये. हा आकडा वरवर वाचून सोडून देण्यासारखा नाहीं. समजा, एका जुन्या चाळींत खोलीचें भाडें महिना २०० रुपये आहे. वर्षाचें भाडें २,४०० रुपये झालें, आणि त्याचा चौथा हिस्सा ६०० रुपये. सहाशे रुपयांत एखादा फुटका नळ बदलेल, दाराची बिजागरी बसेल. पण वाळवीनें पोखरलेली तुळई बदलणार नाहीं. चाळींतील वीस बिऱ्हाडें एकत्र आलीं, तरी वर्षाला बारा हजार रुपयेच जमतात. एकेकट्यानें नोटीस देण्यापेक्षां सर्वांनीं मिळून ती देण्यांत अधिक बळ आहे, हें यावरून दिसतेंच. पण बारा हजारांतही सबंध चाळीचा जिना उभा राहत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

येथें घरमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. १९४० सालच्या भाड्यावर बांधून ठेवलेल्या मालकानें पुढच्या काळाच्या भावानें विटा, चुना व मजुरी कोठून आणावी? भाडें जागच्या जागीं गोठलें आणि खर्च वाढत गेला. तेव्हां पुष्कळ मालकांनीं इमारतींकडे पाठ फिरविली. मिळकत नाहीं म्हणून दुरुस्ती नाहीं, आणि दुरुस्ती नाहीं म्हणून इमारत खचत चालली, असें चक्र सुरू झालें. शेवटीं मुंबई शहरांतील जुन्या इमारतींसाठीं १९६९ सालीं दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला. ३० सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या १९,६४२ इमारती त्या वेळीं या योजनेखालीं आल्या. त्यांवर मालमत्ता कराबरोबर उपकर बसतो, आणि त्या निधींतून मोठी दुरुस्ती करण्याचें काम या मंडळाकडे आहे. हें काम आतां म्हाडा या नांवानें सर्वांच्या परिचयाच्या असलेल्या संस्थेखालीं चालतें. ज्या बिऱ्हाडकरूंची इमारत अशी उपकरप्राप्त असेल, त्यांनीं तुळया व खांब यांच्या दुरुस्तीसाठीं घरमालकाबरोबर या मंडळाकडेही लेखी अर्ज करावा.

भाड्याच्या या गोठण्याविषयीं डिसेंबर १९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आपलें मत स्पष्टपणें सांगितलें. आरंभीं वाजवी असलेली ही बंधनें काळाच्या ओघांत अवाजवी व मनमानी झालीं आहेत, असा त्या निकालाचा आशय होता. त्यानंतरच्या नव्या कायद्यानें मालकास भाड्यांत दरवर्षीं शेकडा ४ प्रमाणें वाढ करण्याची मुभा दिली. ही वाढ न्याय्य आहे आणि भाडेकरूनें ती कुरकुर न करतां द्यावी. कारण पुरेसें भाडें व वेळेवर डागडुजी हीं एकाच गाडीचीं दोन चाकें आहेत. पण जो मालक वाढीव भाडें दरवर्षीं आठवणीनें मागतो आणि छपराची गोष्ट निघतांच विषय बदलतो, तो एकाच चाकावर गाडी हाकूं पाहतो.

अशी गाडी कोठें जाऊन थांबते, हें मुंबईनें पाहिलें आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडी बाजारांतील हुसैनी इमारत कोसळली आणि तींत ३३ माणसें दगावलीं. इमारत शंभर वर्षांहून अधिक जुनी होती व धोकादायक म्हणून ती आधींच जाहीर झालेली होती. तरीही तींत माणसें राहत होतीं. जागा सोडली तर ती पुन्हां मिळेल कीं नाहीं, ही शंका जुन्या इमारतींतील भाडेकरूंच्या मनांत नेहमींच घर करून असते, आणि या शंकेपोटीं माणसें पडक्या भिंतींच्या आश्रयास राहतात. म्हणून कायद्याचें पुढील अंग प्रत्येक भाडेकरूस ठाऊक असावें. जागा रिकामी केल्याशिवाय जी दुरुस्ती होऊंच शकत नाहीं, तिच्यासाठीं मालकास न्यायालयाच्या हुकुमानें ताबा मिळतो. पण दुरुस्तीनंतर त्याच जागेंत परत येण्याचा भाडेकरूचा हक्क कायद्यानें राखून ठेविला आहे. इमारत पाडून नवी बांधावयाची असेल, तर मालकाजवळ पुरेसा पैसा आहे, नकाशे व अंदाजपत्रकें तयार आहेत, आणि नव्या इमारतींत पूर्वींइतकीं बिऱ्हाडें सामावतील, याविषयीं न्यायालयाची खात्री पटावी लागते. तेव्हां धोक्याची सूचना मिळाल्यावर हट्टानें बसून राहण्यापेक्षां, परत येण्याचा हक्क लेखी पदरांत पाडून घेऊन बाहेर पडणें हेंच शहाणपण होय. भाडेहक्क पुन्हां मिळवितां येतो. जीव पुन्हां मिळत नाहीं.

चौथें देणें पाण्याचें व दिव्याचें. भाडेकरू ज्या आवश्यक सोयी उपभोगीत आला आहे त्या योग्य कारणाशिवाय तोडण्याचा किंवा रोखून ठेवण्याचा अधिकार मालकास नाहीं. पाणी, वीज, बोळांतले व जिन्यांतले दिवे, उद्‌वाहन आणि झाडलोट व मैलासफाई या सर्वांचा आवश्यक सोयींत समावेश होतो. मालकानें कर किंवा बिल थकविल्यामुळें नगरपालिकेनें पाणी तोडलें, तरी तें मालकानेंच तोडलें असें समजलें जातें. भाडेकरूनें न्यायालयाकडे अर्ज केल्यास सोय पुन्हां सुरू करण्याचा हुकूम होऊं शकतो. तो न पाळणाऱ्यास दर दिवसाचा दंड आहे, आणि या अपराधाबद्दल कैदेचीही तरतूद आहे. विजेच्या बाबतींत २००३ चा वीज कायदा असें सांगतो कीं, जागेचा मालक किंवा तींत राहणारा, कोणीही अर्ज केला तरी वीजपुरवठा केला पाहिजे. मालक संमति देत नाहीं एवढ्याच कारणावरून भाडेकरूस वीज नाकारतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं सांगितलें आहे.

पांचवें देणें स्वस्थतेचें. घर मालकाचें असलें, तरी भाड्यानें दिल्यावर त्याचा उंबरठा भाडेकरूचा होतो. जागा पाहावयाची असल्यास मालकानें आधीं सूचना द्यावी व वाजवी वेळींच यावें. जागा परत हवी असेल, तर दंडेलीनें कुलूप ठोकून किंवा सामान रस्त्यावर फेकून ती घेतां येत नाहीं. कायद्यांत दिलेल्यांपैकीं एखादें कारण न्यायालयांत सिद्ध करावें लागतें. मालकास स्वतःच्या राहण्यासाठीं जागा खरोखर हवी आहे, हें तसें एक कारण आहे; परंतु तेथेंही हुकूम दिल्यानें अधिक हाल कोणाचे होतील याचा विचार न्यायालय करतें. कोणाला कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढलेंच, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याप्रमाणें सहा महिन्यांच्या आंत दावा लावून ताबा परत मिळवितां येतो. त्या दाव्यांत मालकी कोणाची हा प्रश्न निघत नाहीं. ताबा कोणाचा होता व तो कसा हिरावला, एवढेंच पाहिलें जातें.

देणें एका बाजूचेंच नसतें. भाडेकरूनें भाडें वेळेवर द्यावें, मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कें बांधकाम करूं नये, जागा बेकायदा पोटभाड्यानें देऊं नये, आणि योग्य कारणाशिवाय सहा महिने ती वापराविना कुलूपबंद ठेवूं नये. यांपैकीं कशांतही चूक झाल्यास तो आपणहून मालकाच्या हातीं हत्यार देतो. भाडें थकलें, तर नव्वद दिवसांची लेखी सूचना दिल्यावांचून मालकास दावा लावतां येत नाहीं. दावा लागल्यावरही समन्स पोंचल्यापासून नव्वद दिवसांत सर्व थकबाकी शेकडा १५ व्याजासह भरली, तर जागा वांचते. पण दुरुस्ती होत नाहीं म्हणून रागानें सबंध भाडेंच बंद करणें, हा मार्ग कायद्यांत नाहीं. चौथा हिस्सा कापण्याची परवानगी आहे, तीही नोटीस देऊन व हिशेब ठेवून; चारही हिस्से अडविणारा भाडेकरू खरी बाजू असूनही हरतो.

अकरा महिन्यांच्या किंवा तशाच ठराविक मुदतीच्या परवान्यानें राहणाऱ्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. भाडेनियंत्रणाचा जाच चुकविण्यासाठीं ही पद्धत मालकांनीं पूर्वींच रूढ केली होती. १ फेब्रुवारी १९७३ रोजीं अशा परवान्यावर राहत असलेल्यांना कायद्यानें भाडेकरूचा दर्जा दिला. त्यानंतरच्या परवानेदारांना तो नाहीं. मुदत संपल्यावर जो जागा सोडणार नाहीं, त्याला परवान्याच्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई द्यावी लागते. अशा माणसाचें संरक्षण बव्हंशीं कराराच्या कागदांतच असतें, आणि त्या कागदांत जें लिहिलें असेल तेंच न्यायालयांत खरें ठरतें. म्हणून सही करण्यापूर्वीं अनामत रक्कम कोणत्या तारखेस परत मिळणार, ती कोणत्या कारणासाठीं कापली जाईल, आणि नळ, वीज व ओल यांची दुरुस्ती कोणाकडे, या तीन गोष्टी करारांत लिहिलेल्या आहेत कीं नाहीं हें पाहावें. लिहिलेल्या नसतील, तर लिहवून घ्याव्या.

सारांश काय? घरमालकाचें देणें पांच प्रकारचें: नोंदलेला करार, रकमेची पावती, जागेची डागडुजी, पाणी-दिव्याची सोय, आणि निर्वेध राहणें. यांतील एकही भाडेकरूनें हात जोडून मागण्याची वस्तु नाहीं. आणि एकही आरडाओरडा करून मिळण्यासारखी नाहीं. तिन्हीसांजेच्या भांडणानें शेजाऱ्यांची करमणूक होते, छप्पर शाकारलें जात नाहीं. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरांत आज घमेलें मांडलेलें असेल, त्यांनीं चार ओळींचें पत्र लिहावें. छप्पर कोठें गळतें, केव्हांपासून गळतें, आणि पंधरा दिवसांत दुरुस्ती व्हावी, एवढेंच त्यांत असावें. शक्य तर शेजारच्या बिऱ्हाडांच्या सह्या घ्याव्या, तारीख घालावी, पोंच मिळेल अशा रीतीनें तें टपालांत टाकावें, आणि नक्कल पावत्यांच्या फाइलींत जपून ठेवावी. शहाणा घरमालक अशा पत्रानें रागावणार नाहीं. कारण आज बदललेलीं चार कौलें उद्यांची सबंध तुळई वांचवितात, आणि ती तुळई अखेर त्याचीच आहे.